गाठ कोणाच्या अंगाला?

साठेसाहेब, तुम्ही सीए माणूस, म्हणून तुम्हालाच विचारतो. धंद्यात भरवसा कोणावर ठेवायचा? सरकारवर? भागीदारावर? की आपल्या स्वतःच्या डोळ्यांवर? घाईनं उत्तर देऊ नका. आधी चहा येऊ द्या.

मी माल घ्यायला खमीस मुशैतहून रियाधला आलो, की शुक्रवारी बत्हातल्या या हॉटेलात तुमच्यात येऊन बसतो. तुम्ही बँकवाले, आयटीवाले. मी रत्नागिरीकडचा, आठवीत शाळा सुटलेला, डोंगरातल्या शहरात तारजाळी विकणारा. तरी दर वेळी कोणीतरी विचारतंच, "अल्ताफभाई, तुमच्याकडे एवढे किस्से येतात कुठून?"

आमच्या दुकानात एकदा या आणि काटेरी तारेच्या रोलजवळून चालून बघा. बाही कुठेतरी अडकतेच. ते टोक सोडवायला वाकावं, तर मागून दुसरं धरतं. किस्स्यांचं तसंच आहे. आणि यातले निम्मे एकाच कुंपणाचे आहेत. साठेसाहेब आमच्या दुकानाचे हिशोब बघायला कबूल झालेत, तेव्हा हे त्यांना आधी कळलेलं बरं.

*

खमीसच्या दक्षिणेला, घाट चढून गेल्यावर, एक जुनं कुंपण आहे. लोखंडी खांब, काटेरी तार. कोणी म्हणतं तुर्कांच्या काळातलं, कोणी म्हणतं एका इंग्रज इंजिनिअरनं नकाशावर रेघ ओढली आणि माणसं लावून तीच डोंगरावर उभी केली. तेव्हा म्हणे अलीकडचा मुलूख एकाचा, पलीकडचा दुसऱ्याचा. पुढे राज्यं बदलली, खरी सरहद्द पार लांब गेली, आणि हे कुंपण मधेच राहून गेलं. आता त्याच्या अलीकडेही सौदी, पलीकडेही सौदी. दोन्हीकडच्या शेळ्यासुद्धा एकाच मालकाच्या!

पण ते पडलं तर उभं करायला पैसे लागतात. अलीकडे रस्ता, पलीकडे कुरण. दोन्हींची सरकारी ऑफिसं वेगळी. खरी नावं सांगत नाही, मला तिथे माल विकायचाय. आपण त्यांना रस्तेवाले आणि कुरणवाले म्हणू. माल माझ्या दुकानातून जायचा, म्हणून मीटिंगला मलाही बोलवायचे. दोघांच्या वर एक म्हातारे मुदीर, म्हणजे मोठे साहेब.

रस्तेवाला म्हणाला, "शेळ्या तुमच्या कुरणातून येतात. पैसे तुम्ही द्या."

कुरणवाला म्हणाला, "मरतात तुमच्या रस्त्यावर. तुम्ही द्या!"

असं तासभर. शेवटी मुदीर कंटाळले. म्हणाले, "ज्यानं घातलं त्याच्याकडे मागा. इंग्रजाला पत्र लिहा." सगळे खूश! टायपिंग सुरू झालं. मग कारकून थांबला आणि सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं.

"पत्ता काय घालायचा?" मुदीरनी मला विचारलं.

"मला काय माहीत, साहेब?"

"अरे, इतकी वर्षं तुमच्याकडे राहिले, आणि जाताना पत्ता देऊन गेले नाहीत?"

*

या कुंपणाला एक चौकीदार होता. दाऊदचाचा. आमच्याच किनाऱ्यावरचे, श्रीवर्धनकडचे. तरुणपणी मचव्यावर खलाशी, मग इकडे. ज्या ठेकेदारानं त्यांना आणलं, त्याची कंपनी बुडाली, तो पसार झाला. चाचा मात्र डोंगरावर पत्र्याच्या केबिनमध्ये तसेच राहिले. पडलेली तार बांधायची, शेळ्या हाकलायच्या, संध्याकाळी केबिनला कडी लावायची. पगार कधी इकडून थोडा, कधी तिकडून थोडा.

त्यांना घरी जायचं होतं. कायमचं. पण फायनल एक्झिटच्या कागदावर मालकाची सही लागते, आणि मालकच नव्हता! रस्तेवाल्यांकडे गेलं, की ते म्हणायचे, "कुंपण ज्याचं, माणूस त्याचा." कुरणवालेही तेच म्हणायचे. म्हणजे कुंपणाचा मालक ठरेपर्यंत चाचांचा कफील, म्हणजे कागदावरचा मालक, ठरणार नाही, आणि कफील ठरेपर्यंत चाचा सुटणार नाहीत.

गावी त्यांनी घर बांधलं होतं. इथून पैसे पाठवून. समुद्राकडे तोंड, निळ्या खिडक्या. त्या घरात ते एकदाही झोपले नव्हते. चाचीचा फोन आला, की पहिलं विचारायचे, "खिडक्या उघडल्यात का? वारा येतो का?"

मी एकदा म्हटलं, "चाचा, तुम्ही पोचलात की स्वतःच उघडा."

ते म्हणाले, "मना कोण सोडतंय? या तारेला इचार, तुझा धनी कोण. ती बोलली की मी चाललो."

मी हसलो. चाचा हसले नाहीत.

*

आमच्याकडे डोंगरात बबून माकडं फार. घाटात गाडी थांबवली, की केळी मागायला खिडकीत हात घालतात. दांडगी जात. त्यांना कुंपण म्हणजे काय? पण या कुंपणाच्या अलीकडे ती ओळीनं बसायची. पलीकडे एकही नाही.

बरं, कुंपण धड असतं तर समजलो असतो. एका जागी दरड येऊन खांबासकट सगळं वाहून गेलं होतं. आख्खा ट्रक जाईल एवढं भगदाड. तिथेही माकडं सरळ रेषेत बसलेली! शेळ्या चरत चरत यायच्या, जिथे तार असायला हवी होती तिथे थबकायच्या, मान वळवून परत फिरायच्या. मी स्वतः पिकअपमधून बघितलंय. समोर काही नाही. नुसती माती.

मी एक केळं त्या भगदाडातून पलीकडे फेकलं. एक मोठा बबून उठला, रेषेपर्यंत गेला, तिथे दोन्ही हात वर करून उभा राहिला. जाळी धरावी तसे. मग हळूच परत येऊन बसला.

हे मी मीटिंगमध्ये सांगितलं. कुरणवाल्यानं टेबलावर थाप मारली. "ऐकलंत? एवढं पडलंय तरी काम करतंय! मग दुरुस्ती कशाला?"

*

हा छोटा आहे. रस्तेवाल्यांना वरून हुकूम आला, खांबांना पिवळा रंग द्या. त्यांनी दिला. पण फक्त आपल्या बाजूनं! पलीकडची अर्धी गोलाई तशीच गंजकी ठेवायची, अशी रंगाऱ्याला ताकीद. तो बिचारा खांबामागे पुठ्ठा धरून रंगवत होता, थेंब पलीकडे जाऊ नये म्हणून.

रंग वाळल्यावर आम्ही बघायला गेलो. अलीकडून खांब पिवळेधमक. पलीकडे जाऊन बघतो, तर तिकडूनही पिवळे. पण तो रंग जुना. उन्हानं फुटलेला, पोपडे निघालेला, आतून गंज वर आलेला. कित्येक उन्हाळे खाल्लेला रंग. मी नखानं पोपडा काढला, हातात भुगा झाला.

कुरणवाला शांतपणे म्हणाला, "बघा. आम्ही आमच्या बाजूचा खर्च केव्हाच केला होता."

*

आता माझं शहाणपण ऐका.

आमच्या गावात दोन वाड्यांच्या मध्ये काठ्याकुड्यांची वई असते. ती कोणाची, यावर भांडण होतंच. तेव्हा जुनी माणसं एकच गोष्ट बघतात. बांधणारा आपल्या जमिनीत उभा राहून बांधतो, म्हणून सुंभाची गाठ त्याच्या बाजूला येते. गाठ ज्याच्या अंगाला, वई त्याची. खलास!

हे मी मीटिंगमध्ये सांगितलं. मुदीर एकदम सावरून बसले. "अरे, आधी का नाही बोललास? यल्ला, जाऊन बघू!"

गेलो. सकाळ, पण असं धुकं की पुढच्या गाडीचे दिवे दिसेनात. चाचा केबिनमधून बाहेर आले. मी कशाला आलोय ते सांगितलं, तर त्यांचा चेहरा पडला.

"अल्ताफ, आपल्या गावाचा कायदा हितं कशाला लावलास? हितं कोण ऐकतंय तुला ठाऊक हाय का?"

आम्ही प्रत्येक खांब बघितला. तारेचे सगळे पीळ रस्त्याच्या बाजूला. रस्तेवाल्याचं तोंड उतरलं. त्यानं मुदत मागितली. मी माझा माणूस आणून पुन्हा बघतो, मग सही करतो, म्हणाला.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच धुकं, तेच आम्ही. फक्त गाठी नव्हत्या. म्हणजे होत्या, पण सगळ्या कुरणाच्या बाजूला! जुनी तार, जुना गंज, पीळ एकजीव झालेला. पक्कड लागल्याचा ओरखडासुद्धा नाही. ती तार उलगडायला गेलात तर तुटते, साहेब, मी आयुष्यभर तारच विकलीय.

सगळे चाचांवर धावले. "तू उलट्या बांधल्यास!"

चाचा म्हणाले, "माझी गाठ बगा की आधी." त्यांनी स्वतः बांधलेली एक जागा दाखवली. मचव्याच्या दोराची गाठ. पीळ उलटा, शेपूट खाली मोडून आत दाबलेली. तशी गाठ त्या डोंगरात दुसरं कोणी मारत नाही. बाकीच्या गाठी साध्या होत्या.

मुदीर बराच वेळ धुक्यात बघत राहिले. मग गाडीत बसताना म्हणाले, "याला दोन्हीकडून पगार हवाय."

कोणाला, ते मी विचारलं नाही.

*

मग रियाधहून एक पुण्याचा पोरगा आला, अमोल. सर्व्हे कंपनीत कामाला. मुदीरच्या ऑफिसनं परवानगी काढून त्याला ड्रोन घेऊन पाठवलं. भूतखेत, जुन्या गाठी असलं काही ऐकून घेणारा माणूस नव्हे. "भाई, डेटा खोटं बोलत नाही," म्हणाला.

आकाश स्वच्छ. ड्रोन उडवला. आम्ही चाचांच्या केबिनपुढे बसलो, चाचांनी सगळ्यांना सुलेमानी चहा दिला आणि आमच्यातच गोणपाटावर बसले. काम झाल्यावर अमोलनं लॅपटॉप उघडला.

कुंपण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड! दरडीनं नेलेली जागाही भरलेली. समोर मान वर करून बघितलं तर भगदाड, खाली स्क्रीनवर बघितलं तर ताठ तार.

आणि तारेच्या कडेनं एक माणूस चालत होता. हातात पक्कड. चार पावलं चालायचा, वाकायचा, गाठ तपासायचा. डाव्या पायानं जरा लंगडत.

चाचा डाव्या पायानं लंगडतात. मचव्यावर असताना पाय दोरात सापडला होता.

चाचांनी वाकून स्क्रीन बघितली आणि म्हणाले, "माझीच टोपी हाय."

टोपी त्यांच्या डोक्यावर होती.

अमोलनं लॅपटॉप मिटला. "सेन्सरचा प्रॉब्लेम असणार," म्हणाला. जेवायला थांबला नाही, दुपारच्याच विमानानं रियाधला. पण माणूस इमानदार. रिपोर्टमध्ये जे दिसलं तेच लिहिलं: "कुंपण सुस्थितीत. पाहणीच्या वेळी चौकीदार कुंपणावर हजर."

*

हा रिपोर्ट मुदीरच्या टेबलावर गेला. मी आणि चाचा समोर उभे. मुदीरनी फोटो बघितला, चाचांकडे बघितलं, पुन्हा फोटो बघितला.

"फोटो काढला तेव्हा तू कुठे होतास?"

"चहा पीत होतो, साहेब. हे पण होते."

मी मान डोलावली.

"कुंपणावर चौकीदाराची जागा एक," मुदीर म्हणाले. "त्या जागेवरचा माणूस कामावर हजर आहे. सरकारी रिपोर्ट आहे. मग तू कोण?"

चाचांनी माझ्याकडे बघितलं. मी फोटोकडे.

"तू जादा माणूस. जादा माणसाला ठेवायचा अधिकार मला नाही. घरी पाठवायचा आहे." आणि खण उघडून त्यांनी शिक्का काढला!

जे काम दोन ऑफिसं, एक इंग्रज आणि माझं शहाणपण मिळून झालं नाही, ते असं झालं. चाचा बाहेर येऊन पायरीवर बसले. मला वाटलं आनंदानं रडतायत. पण ते रडत नव्हते. हळू आवाजात म्हणाले, "अल्ताफ, मी जातंय. पन त्याला कोण सोडवील?"

मी त्यांना विमानतळावर स्वतः सोडलं. आत जाईपर्यंत काचेतून बघत राहिलो. आत गेले ते एकच होते, एवढं शपथेवर सांगतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चाचीचा फोन आला, पोचले. खिडक्या सगळ्या उघडल्या, म्हणाली.

*

आता शेवटचं. चहा संपवून घ्या.

चाचा गेले, तरी कुंपण काही पडेना. उलट सुधारत गेलं. भगदाडाच्या दोन्ही कडांनी तार पुढे सरकायला लागली. दुकानात बाइंडिंग तारेचे रोल कमी भरायला लागले. शटर बंद, कुलूप जागेवर. मी पोरांवर संशय घेतला, मग एकदा डोंगरावर जाऊन नवी तार बघितली. माझाच माल. उलटा पीळ, शेपूट खाली मोडून आत दाबलेली. एकूण एक गाठ मचव्याची.

दोन्ही ऑफिसांना वाटलं, चौकीदार झकास काम करतोय. त्या समाधानात भांडणसुद्धा मिटलं! मुदीरनी ठरवलं, अर्धा खर्च यांचा, अर्धा त्यांचा. तारेचाही आणि पगाराचाही. मला बोलावून पाकीट हातात दिलं. "चौकीदाराला दे. माल तुझा जातो, तुझी रोजची वाट आहे."

मी म्हटलं, "साहेब, दाऊद तर गेला."

"जो गेला त्याचं मी बोलत नाही," मुदीर म्हणाले. "जो आहे त्याला दे."

मला ते पाकीट ठेवून घेता आलं असतं. विचारणारा कोण? पण दुसऱ्याच्या मेहनतीचा पैसा गल्ल्यात पडला, की दुकान टिकत नाही, असं मी मानतो. सकाळी पिकअप काढली. घाटात धुकं उतरलं होतं. माकडं ओळीनं बसलेली, अंगावर थेंब. एकानंही केळं मागितलं नाही.

केबिनची कडी काढलेली. आत चुलीवर किटली, वाफ येत होती. गोणपाट झटकून अंथरलेलं. बाहेर कुठेतरी धुक्यात पक्कड वाजत होती. कट... कट... आणि मध्ये तारेला पीळ बसल्याचा आवाज.

मी तारेजवळ गेलो आणि हाक मारली. दुसरी कोणती मारणार? "चाचा!"

पक्कड थांबली.

"चाचा, तुमचा पगार आणलाय!"

तारेच्या कोणत्या बाजूनं आवाज आला, ते मला आजही सांगता येणार नाही. "ठेव तितं. चा पिऊन जा."

मी केबिनपुढे पाकीट ठेवलं, वर दगड ठेवला. चहा प्यायलो नाही. गाडीत बसलो. डोंगराच्या त्या टोकाला रेंज येते, म्हणून तिथूनच गावी फोन लावला. दाऊदचाचांनीच उचलला. मागे समुद्र ऐकू येत होता आणि वाऱ्यानं खिडकीचं दार आपटत होतं.

"चाचा, कुठे आहात?"

"कुटं म्हंजे? घरात. ओट्यावर बसलोय."

मग तेच म्हणाले, "आत्ता तू मना हाक मारलीस ना रे?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"दोनदा मारलीस. मी हितनं बोललो, ठेव तितं. तुजी चाची इचारते, कोनाशी बोलताव?" जरा थांबून म्हणाले, "अल्ताफ, माजा पगार मी निघालो त्या दिवशी संपला. त्यातलं मना कायपन पाठवू नको. ज्यानं बांधलं त्याचं त्यालाच दे. आनि चा प्यायला नाय म्हनू नको. त्याला बरं वाटत नाय."

फोन ठेवला. आरशात बघितलं. केबिनपुढे दगड तसाच होता. खाली पाकीट नव्हतं.

तर साठेसाहेब, पुढच्या महिन्यापासून वह्या तुमच्याकडे. रोल कमी भरला, तर चोरी म्हणून लिहू नका. कुंपणाला गेला, असं लिहा. पाकीट आलं, की पूर्ण डोंगरावर जाईल, त्यातून भाड्याचेही पैसे कापू नका. ज्याचं आहे त्याच्याच नावावर टाका, नाव नसलं तरी. हिशोब चोख ठेवा, एवढीच विनंती. तिथे कोणीतरी गाठी तपासत चालतंय.